तुकडासुद्धा सुटत नाही

६ जानेवारी

रा. रा. तुकडेबहाद्दर यांस,

साष्टांग वगैरे काही नाही. शेडच्या ऑफिसात उभ्या उभ्या लिहिते आहे, कारण खुर्चीत एक आजारी करडू झोपलंय आणि सध्या त्याचा मान तुझ्यापेक्षा मोठा आहे.

तू फोन उचलत नाहीस, घरी येत नाहीस. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर मुक्काम ठोकला आहेस असं कळतं. पण दर मंगळवारी माझ्या शेळ्यांच्या रक्ताचं सीरम बर्फाच्या पेटीतून तुझ्या प्रयोगशाळेत येतं, आणि ती पेटी उघडायचा अधिकार तू दुसऱ्या कोणाला दिलेला नाहीस. इतरांचा हात लागला तर म्हणे तुझं ते तपासणीचं किट बिघडतं. म्हणून हे पत्र बाटल्यांवरच ठेवते आहे. हाताला गार लागलं तर लागू दे.

आपलं शेवटचं बोलणं आठवतंय ना? तू चार महिने परगावी यंत्र बसवायला गेला होतास. इथे शेळ्यांना टोचणाऱ्या आम्हा बायकांची नेहमीची तपासणी झाली. गरोदर बाईने ती औषधं हाताळू नयेत म्हणून कंपनी आमचं रक्त बघते, आणि तेही तुझ्याच किटवर. माझ्या रक्तात गरोदरपणाचं हार्मोन निघालं. तो कागद माझ्याकडे यायच्या आधी तुझ्याकडे पोचला आणि तू तिथून फोन केलास. हॅलो नाही, कशी आहेस नाही. एकच शब्द: "कोणाचं?"

नऊ वर्षांच्या संसारात इतकं थोडक्यात तू कधी बोलला नव्हतास. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "काहीतरी गडबड आहे रे. पुन्हा तपासा." तू म्हणालास, "माझं किट चुकत नाही," आणि फोन ठेवलास. बायको आणि किट यांतल्या एकावरच विश्वास ठेवायची पाळी आली, तर तू किटवर ठेवलास. थाट आता त्याच्याशीच संसार.

तुझ्या आई इथेच आहेत. तू त्यांना काय सांगितलंस माहीत नाही, पण जेवताना त्या आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग ताटात वाढतात. काल म्हणाल्या, "जे काय असेल ते एकदा सांगून टाक बाई. मला ओरडायचं असेल तर एकदाच ओरडता येईल." मी म्हटलं, "आई, काही नाहीये." त्या म्हणाल्या, "त्याचं मशीन तर म्हणतंय आहे." तुमच्या घराण्यात माणसापेक्षा यंत्राचा शब्द जड आहे, हे लग्नाआधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. कोणाला दिवस गेलेत आणि कोणाला नाही, हे मला हाताने कळतं. स्वतःबद्दल कळणार नाही असं तुला का वाटलं?

तुझ्या शेळ्यांची डॉक्टर

२७ जानेवारी

तुकडेबहाद्दर,

रिकामी पेटी परत आली, आत चिठ्ठी: "सीरम उत्तम. बाकी मजकूर वाचायला सवड नाही." सवड नाही, पण मजकूर आहे हे मात्र कळलं. म्हणजे वाचलास. बरं झालं.

आता बातम्या ऐक. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पोटात काही नाही. पुन्हा रक्त घेतलं, तुझ्याच किटवर, कारण त्यांच्या हॉस्पिटलात तू ते वापरून बघायला दिलं आहेस. आकडा तोच, अडतीस. खरं मूल असतं तर आकडा भराभर चढला असता, आणि गेलं असतं तर उतरला असता. हा जागचा हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तुला फोन केला. मला काही विचारण्याआधी तुला. मी समोर बसले होते.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. गावातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले, दुसऱ्याच कंपनीच्या किटवर रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. तो कागद तुला पाठवला, तर तुझी चिठ्ठी: "त्यांच्या किटला अख्खं हार्मोन लागतं. फुटलेले तुकडे त्यांना दिसत नाहीत. माझ्या किटमधून तुकडासुद्धा सुटत नाही."

हे वाक्य तुझ्या जाहिरातीवर छापलं आहे हे मला ठाऊक आहे. बायकोला उत्तर म्हणूनही तेच चिकटवलंस. निदान शेवटी उद्गारचिन्ह तरी काढायचंस.

आता तुझं नवीन मत असं की मी गरोदर नाहीच. माझ्या पोटात कुठेतरी गाठ आहे आणि ती हार्मोनचे तुकडे रक्तात सोडते आहे. म्हणजे परवापर्यंत मी बदफैली होते, आजपासून रोगी झाले. बढतीच म्हणायची. पण आधीच्या हुद्द्याबद्दल एखादा शब्द, "चुकलो" वगैरे, चिठ्ठीत शोधला. चिठ्ठी उलटी करूनही बघितली. नाही.

पुढच्या आठवड्यात पिशवी खरवडणार आहेत. आत काही राहिलं असेल तर निघून जाईल म्हणतात. दुखतं का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडंसं." शेळीला टोचण्याआधी मीही तिला हेच सांगते.

१७ फेब्रुवारी

थोडंसं नव्हतं.

खरवडून झालं, काही निघालं नाही. मग गाठीवरचं म्हणून एक इंजेक्शन दिलं. त्याने तोंड इतकं आलंय की पाणी पितानाही डोळ्यांतून पाणी येतं. तुझ्या आई भात मऊ शिजवून, पार लापशी करून देतात आणि मी ती गिळेपर्यंत भिंतीकडे बघत बसतात. आकडा? अडतीस. खरवडलं तरी अडतीस, विष टोचलं तरी अडतीस. इतका ठाम माणूस तुझ्याशिवाय दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

बारा मार्चला गर्भाशय काढायचं ठरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वाट बघण्यात धोका आहे. म्हटलं, "धोका आहे असं कोण म्हणतं?" तर म्हणाल्या, "तुमचेच मिस्टर. या विषयात त्यांच्याइतकं कोणाला कळतं?" मी हसले. तोंड फाटलं.

नवऱ्याची सही हवी होती, म्हणून कागद पेटीत घातला होता. बाकी कशाला तुला सवड नसते, हा मात्र त्याच गाडीने परत आला. सही ठळक, आणि सोबत चिठ्ठी: "लवकर उरकून घे."

उरकून घे. घर झाडून घे, कपडे वाळत घाल, पिशवी काढून घे.

मला मूल हवं होतं. तुलाही हवं होतं, निदान तसं म्हणायचास. एक गोष्ट तुला सांगणार नव्हते, पण आता लपवून तरी काय करायचं आहे. तपासणीचा तो कागद हातात आला तेव्हा हे शक्य नाही हे मला कळत होतं. तू चार महिने इथे नव्हतास आणि मी दुसऱ्या कोणाकडे मान वळवून बघितलेलं नाही. तरी एक दुपारभर मी शेडच्या मागे, चाऱ्याच्या पेंढ्यांवर, पोटावर हात ठेवून बसले होते. वेड्यासारखी. कसं का असेना, आहे ना, असं म्हणत. माणसाच्या डॉक्टरने सांगितलं असतं तर हसले असते, पण तुझ्या किटने सांगितलं होतं. तेव्हा माझाही त्याच्यावर विश्वास होता. त्या दुपारचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो.

हे वाचून कळवळून येऊ नकोस. येणार नाहीसच म्हणा.

२४ फेब्रुवारी

तोंड बरं झालं. त्यामुळे आता नीट बोलता येतं, आणि तू नीट ऐकायचं आहेस.

काल आम्ही शेळ्यांचं रक्त काढत होतो. मानेची शीर मी धरलेली, शेळी आपल्या मावशीने. तू पहिल्या दोन शेळ्या आणल्यास तेव्हापासून जी त्यांना धरते आहे, तीच मावशी. माझं तोंड बघून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही कसलं मनाला लावून घेता? मला पण दिवस गेल्याचा कागद आलावता की."

मी म्हटलं, "काय?"

"मागच्या तपासणीला. पिशवी काढून मला बारा वर्षं झाली. मालक जाऊन त्याच्याहून जास्त. तरी सुनेनं दोन दिवस सरळ तोंडानं चहा दिला नाही." आणि ती इतकी हसली की शेळी सुटली.

त्या कागदाचं पुढे काय झालं, ते मी तिला विचारलं. साहेबांनी लिहून दिलं म्हणाली, नळ्यांची अदलाबदल झाली असणार, दुर्लक्ष करावं. साहेब म्हणजे तू.

कळतंय का, तुकडेबहाद्दर? मावशी गरोदर नाही हे तुला लगेच पटलं, कारण तिच्याकडे पिशवीच नाही. माझ्या बाबतीत पटावं म्हणून माझी काढायला निघाला आहेस.

आता विचार कर. मावशीत आणि माझ्यात सारखं काय आहे? वय नाही, नवरा नाही (तिचा देवाघरी, माझा गेस्ट हाऊसवर). शेळ्या आहेत. वर्षानुवर्षं त्यांच्या लाथा, चावे, हातावरच्या जखमांवर त्यांच्या रक्ताचे शिंतोडे. अंगात परकं काही शिरलं की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. याच एका गोष्टीवर तुझी आणि माझी दोघांची नोकरी चालते. आपण शेळ्यांना हार्मोन टोचतो, त्या त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतात आणि तू त्या किटमध्ये घालतोस. मग शेळ्या आम्हाला इतकी वर्षं टोचत आल्या, तर आम्ही शेळ्यांविरुद्ध बनवणार नाही?

तुझ्या किटमध्ये दोन अँटिबॉडी, दोन्ही शेळीच्या. एक तळाला चिकटलेली, दुसरी खूण घेऊन फिरणारी. हार्मोनचा तुकडा आला की तो या दोघींच्या हातात सापडतो, त्या जोडल्या जातात आणि आकडा उमटतो. माझ्या रक्तात जे आहे ते शेळीलाच धरतं. ते एका हाताने हिला धरतं, दुसऱ्या हाताने तिला. जोडी जमली, आकडा उमटला. मध्ये तुकडाबिकडा काही नाही. त्या दुसऱ्या कंपनीच्या किटमधल्या अँटिबॉडी शेळीच्या नाहीत, उंदराच्या आहेत, म्हणून तिथे काही निघालं नाही.

तुझी पुढची चिठ्ठी काय येईल हे मला माहीत आहे, म्हणून ते कामही करून ठेवलं. हार्मोनचे तुकडे रक्तात असतील तर ते लघवीत उतरतात, आणि जितके बारीक तितके सहज. अँटिबॉडी मात्र इतकी मोठी असते की ती मूत्रपिंडातून खाली येत नाही. डॉक्टरीणबाईंकडून लघवी तपासून घेतली. तुझ्याच किटवर. शून्य. कुठे गेले तुझे तुकडे?

मी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पटण्यासारखं आहे, पण ज्याने किट बनवलं तो म्हणतोय गाठ आहे, तेव्हा त्याच्या शब्दाशिवाय मी ऑपरेशन रद्द करणार नाही. तेव्हा एक फोन कर. "माझ्या किटला शेळीवालीचं रक्त कळत नाही," एवढंच म्हण. बारा तारखेच्या आत.

३ मार्च

फोन केला नाहीस. त्याऐवजी काल स्वतः आलास, पॉलिश केलेले बूट घालून, शेडमध्ये. लेंड्या चुकवत चालताना तू किती छान दिसतोस ते मी विसरले होते.

काय बोललास ते तू सोयीने विसरशील, म्हणून लिहून ठेवते. तू म्हणालास, "लघवीत ते टिकत नाहीत. फुटून जातात."

"तुकड्यांचे तुकडे?"

"तू हे मला शिकवू नकोस. हॉस्पिटलांना माल जायचाय पुढच्या महिन्यात. आता किटमध्ये खोट आहे म्हणून सांगू? एका बाईच्या रक्तावरून?"

"दोन बायकांच्या."

"मावशीच्या नळ्या बदलल्या होत्या."

"कोणाशी? दुसरं कोणी गरोदर होतं का त्या दिवशी?"

यावर तू जे म्हणालास ते मला मरेपर्यंत पुरेल. "तू जनावरांची डॉक्टर आहेस. माणसांत पडू नकोस." मावशी तिथेच होती. तिने मान फिरवली. माझ्यासाठी नाही, तुझी लाज वाटून.

मग मी म्हटलं, तुझं रक्त दे, शेजारी लावून बघू. तू हसलास. "माझं? माझं शून्यच येणार. पुरुषाचं रक्त म्हणजे आम्ही शून्यच धरतो."

"मग द्यायला काय जातं?"

बाही वर केलीस. शिंगाचा तो जुना व्रण अजून आहे कोपराखाली. मी कंपनीत यायच्या आधी, माणसं नव्हती तेव्हा, तूच शेळ्यांना टोचायचास, तूच त्यांचं रक्त काढायचास, आणि घरी जाताना शर्टाला त्यांचा वास यायचा म्हणे. तुझ्या आई सांगतात. सुई टोचल्यावर तू असा दचकलास की मावशी म्हणाली, "शेळ्या बऱ्या, एवढ्या हलत नाहीत."

असो. पेटीत सीरमच्या बाटल्यांशेजारी रक्ताची एक नळी आहे. वर माझं नाव लिहिलं आहे. तपास, आणि जे निघेल ते सहीनिशी डॉक्टरीणबाईंना कळव. मग मला काही म्हणायचं नाही.

१० मार्च

तुकडेबहाद्दर,

शुक्रवारी फोन वाजला आणि वर तुझं नाव बघून मला आधी वाटलं, कंपनीत आग लागली असेल.

तुझा आवाज कापत होता. "आकडा वाढलाय," म्हणालास. "एकशे दहा. मी बोललोय त्यांच्याशी, बारा तारीख नाही, अकरालाच घेतायत. तू घाबरू नकोस. मी येतो." ती काळजी खरी होती असं मी धरून चालते. इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखा बोललास, आणि क्षणभर मला वाटलं की इथेच सांगून टाकावं. ओठांवर आलं होतं.

मग तू म्हणालास, "बघ, मी म्हणत होतो ना."

म्हणून सांगितलं नाही. म्हटलं, "लेखी दे." तू दिलंस. त्याच दिवशी, सही-शिक्क्यानिशी: "रक्तातील हार्मोनच्या तुकड्यांचे प्रमाण वेगाने वाढत आहे. गर्भाशय तातडीने काढणे आवश्यक."

त्या दिवशी शेडमध्ये दंडाला पट्टा बांधून रक्त दिलंस, ते पुढे कुठे गेलं हे तू विचारलंस का? एकदाही नाही. शून्यच येणार होतं ना, मग चौकशी कशाला.

त्या नळीत माझं रक्त नव्हतंच. ते तुझं होतं.

नळ्यांची अदलाबदल, तुझ्याच शब्दांत. फक्त या वेळी खरोखरची, मावशीच्या डोळ्यांदेखत.

काल मावशीला घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझा कागद समोर ठेवला आणि सांगितलं की ज्याला तुम्ही उद्या-परवा टेबलावर घेणार आहात त्याला मिशा आहेत. त्यांना आधी कळेना. मग कळलं, आणि त्या हसायला लागल्या. मावशीही हसली. मी हसले नाही, तेव्हा त्या थांबल्या. मला खरवडलं होतं त्यांनी, तुझ्या आकड्यावर. इंजेक्शन दिलं होतं. बराच वेळ त्या माझा हात धरून बसल्या आणि मी तो धरू दिला, कारण दुसऱ्या कोणी तो धरला नव्हता. ऑपरेशन रद्द झालं आहे. माझी पिशवी माझ्याकडे राहते आहे.

आता तुझं काम. या पेटीत एकच बाटली आहे. कधीही न टोचलेल्या शेळीचं साधं सीरम. स्वतःच्या रक्तात ते थोडं मिसळ आणि मग किटवर लाव. तुझ्या रक्तातलं जे शेळीला धरायला धावतं त्याचे हात आधीच भरतील, आणि शून्य येईल. असं साधं सीरम आत मिसळल्याशिवाय एकही किट बाहेर जाता कामा नये, आणि जी गेली आहेत ती परत यायला हवीत. शेळ्या पाळणाऱ्या बायका काय फक्त आपल्याच शेडमध्ये आहेत? तू तसं लेखी कळवेपर्यंत इथून पेटी येणार नाही. शेळ्या माझ्याकडे आहेत, आणि त्यांना माझ्या हाताची सवय आहे, तुझ्या नाही.

शुक्रवारी "मी येतो" म्हणाला होतास. कुठे, ते मला कळलं नाही. माझ्यापुरतं सांगते. मला अजून मूल हवं आहे. तुझ्याकडून हवं आहे का, याचा मी विचार करते आहे, आणि या खेपेला मी सावकाश करणार आहे.

तुझ्या आईंना सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्यांनी तो लांब धरून दोनदा वाचला, मग घडी घालून माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, रडतायत. थोड्या वेळाने आतूनच म्हणाल्या, "त्याला म्हणावं, जिने हळू चढ. पहिलटकरीण आहेस."

बाकी काही विचारायचं नाही. कागद तुझा, सही तुझी, किट तुझं, आणि ते चुकत नाही. तेव्हा हॅलो नाही, कसा आहेस नाही. एवढंच सांग:

कोणाचं?